पोस्टकार्डानं उलटायचं पान

कोतवाल बुकाचं पान बोटानं उलटायचं नसतं. रेकॉर्ड खोलीतल्या बाबूंनी मला हे पहिल्याच दिवशी शिकवलं. त्यांनी खिशातून एक कोरं पोस्टकार्ड काढलं, पानाच्या उजव्या कडेखाली अलगद सरकवलं, कार्डाच्या आधारानं अख्खं पान उचललं आणि आजारी माणसाची कूस बदलावी तसं ते पलीकडे निजवलं. तरीही कडेचा नखाएवढा तुकडा सुटून टेबलावर पडलाच. बाबूंनी तो चिमटीत धरला नाही. कार्डावरच घेऊन एका कोऱ्या पुडीत ठेवला आणि पुडीवर पानाचा क्रमांक लिहिला. "यात अक्षर हाय जी," ते म्हणाले. मी वाकून पाहिलं. 'वल्द', म्हणजे 'चा मुलगा', या शब्दातला 'व' होता.

मी तिथे गेलो होतो पुतणीच्या जात पडताळणीसाठी. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातलं. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणजे दाखल-खारीज नाही. शेत मक्त्याचं, म्हणजे सातबारा नाही. उरलं कोतवाल बुक. गावात मूल जन्मलं, माणूस मेला की कोतवालानं ती वर्दी द्यायची आणि त्या वर्दीवरून नोंद व्हायची, अशी मध्य प्रांताची जुनी रीत. जन्माच्या नोंदीत तारीख, गाव, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण: ताप, देवी, हगवण, साप. लिहिणाऱ्याला सुंदर अक्षराची हौस नव्हती आणि ज्याची नोंद व्हायची त्याला तर ती झाली हेही ठाऊक नसायचं. पण विदर्भातल्या हजारो घरांच्या पणज्या-आज्यांचा लेखी माग एवढाच आहे.

पाच खेपांनंतर आमची नोंद सापडली. त्याच टेबलाशी एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. "बाबूजी, माह्या आज्याचं नाव हाय का जी त्याच्यात?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. त्यांना लागणारं वर्ष पुढच्या बुकात होतं आणि ते बुक उधईनं, म्हणजे वाळवीनं, आतून पोखरलं होतं. वरचा पुठ्ठा आणि खालचा पुठ्ठा शाबूत, मधे मातीचे बोगदे. त्यांना जे उत्तर मिळालं ते एका ओळीचं होतं: अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही. त्या ओळीवर सही-शिक्का होता. म्हाताऱ्यांनी तो कागद चौघडी करून पिशवीत ठेवला आणि ते बसस्टँडकडे चालू लागले.

त्या दिवसापासून जुना कागद जपण्याचा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

ऐतिहासिक कागदपत्रं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पुण्याचं पेशवे दफ्तर येतं, मोडीतले खलिते येतात. ते जपलेच पाहिजेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव पायपीट करत वाड्यांच्या माळ्यांवरून कागद खाली उतरवत राहिले, म्हणून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड उभे राहिले. पेशवे दफ्तराला १८९१ पासून स्वतःची दगडी इमारत आहे. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या महसुली कागदाला कोणी राजवाडे मिळाला नाही. मिळायला हवा होता, कारण हा कागद फक्त इतिहासाच्या अभ्यासकाला लागत नाही. तो रोज, आजही, एखाद्या मजुराच्या हक्काच्या कामी येतो.

कायदा माणसाला तारखा विचारतो. जातीच्या दाखल्याच्या कामात अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त आणि भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा सर्वांत वजनदार. वनहक्काचा २००६ चा कायदा त्याहून मागे जातो. जो आदिवासी नाही पण पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगतो, त्यानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या दाखवायच्या आणि एक पिढी म्हणजे २५ वर्षं. हिशेब करा, १९३० येतं. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडच्या ढिवराला, कुणब्याला, बौद्धाला जंगलातल्या जमिनीवरचा हक्क सांगायचा तर १९३० च्या आधीचं काहीतरी दाखवावं लागतं. नियमांत गावातल्या जाणत्यांचं लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरलं आहे आणि ते फार मोलाचं कलम आहे. पण त्याच नियमांत गॅझेटियर, बंदोबस्ताचे, म्हणजे जमीनमोजणी आणि सारा ठरवण्याच्या कामाचे, अहवाल, नकाशे, वनविभागाच्या कार्य आयोजना, हक्कनोंदी यांचीही यादी आहे आणि समितीपुढे म्हाताऱ्याच्या शब्दापेक्षा पिवळ्या कागदाचा मान मोठा असतो, हे ज्यानं एकदा तरी अशी सुनावणी पाहिली त्याला सांगावं लागत नाही.

एका शब्दाचं वजन किती असतं, ते गोवारी समाजाला विचारावं. अनुसूचित जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' आहे, 'गोवारी' वेगळं नाही. या दोन शब्दांमधल्या अंतरासाठी २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात निघालेल्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथे डिसेंबर २०२० मध्ये गोवारी आणि गोंड गोवारी वेगळे ठरले. माना समाजाचा प्रश्नही असाच न्यायालयांच्या पायऱ्या चढत गेला. अशा प्रत्येक लढ्यात दोन्ही बाजू जुन्या नोंदी शोधत फिरतात. कोणा कोतवालानं सांगितलेला आणि कोणा मोहरिरानं लिहून घेतलेला एक शब्द शंभर वर्षांनी हजारो मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न होतो.

आता हा कागद आहे कुठे? सिंदेवाहीच्या माणसाला याचं उत्तर एका वाक्यात कधी मिळत नाही आणि त्याला कारण आहे. चांदा जिल्हा ब्रिटिशांनी नागपूरचं राज्य खालसा केल्यावर १८५४ मध्ये झाला. १८६१ पासून मध्य प्रांत. १९०५ मध्ये जमीनदाऱ्यांचा मुलूख वेगळा काढून गडचिरोली तहसील केली गेली. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्य, १ मे १९६० ला महाराष्ट्र. १९६४ मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा निराळा झाला. सिंदेवाही स्वतंत्र तालुका होण्याआधी ब्रह्मपुरी तहसिलीत होती. गाव जागचं हललं नाही, पण त्याच्या माथ्यावरच्या कचेऱ्यांची नावं बदलत गेली आणि प्रत्येक बदलाच्या वेळी बस्ते बैलगाडीत, मग ट्रकमध्ये चढले. काही नव्या कचेरीत आले, काही जुन्यातच राहिले, काही जिल्ह्याला गेले. म्हणून आमच्याकडे नकलेसाठी निघालेला माणूस आधी सिंदेवाहीला, मग ब्रह्मपुरीला आणि शेवटी चंद्रपूरला जातो. तीन दिवसांची मजुरी बुडते. कुठलं रेकॉर्ड कुठल्या कचेरीत आहे, याचा एक पानी तक्ता प्रत्येक तहसिलीच्या भिंतीवर लावला तरी ही पायपीट वाचेल. माहिती अधिकाराच्या कायद्यातलं चौथं कलम अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका करून ठेवायला सांगतं, तेही २००५ पासून.

या बस्त्यांत काय काय आहे ते सांगताना मला नेहमी निस्तार पत्रकापासून सुरुवात करावीशी वाटते. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला हा शब्द परका वाटेल. निस्तार म्हणजे गावाच्या रोजच्या गरजा भागवण्याचा हक्क. जळतण कुठून आणायचं, गुरं कुठे चारायची, नांगराला, घराच्या मयालीला लाकूड कुठून घ्यायचं, माती-मुरूम कुठला, मसणवटा कुठला. मालगुजारीच्या काळात या गोष्टी मालगुजाराच्या, म्हणजे सारा भरणाऱ्या गावमालकाच्या, जंगलातून व्हायच्या. ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, जंगलं सरकारजमा झाली आणि गावाचे हे हक्क निस्तार पत्रकात उतरवले गेले. त्याच्या जोडीला वाजिब-उल-अर्ज. गावची वहिवाट, पाटाचं पाणी, वाट, मासेमारी यांची नोंद त्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत या दोन कागदांसाठी जी कलमं आहेत, ती विदर्भासाठीच आहेत.

वाजिब-उल-अर्जाचं मोल समजायचं तर आमचे तलाव पाहावेत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा तलावांचा मुलूख. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात, ते साडेसहा हजारांहून जास्त आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजानं बांधले. जमिनीचा उतार नजरेनं जोखून कुठे पाळ घालायची हे सांगणारी ही माणसं. कुठल्या तलावाचं पाणी आधी कुणाच्या बांधीत जाईल, पाळ फुटली तर कुणी माती टाकायची, मासे कुणी धरायचे, हे गावानं शेकडो वर्षांत ठरवलं आणि बंदोबस्ताच्या कारकुनानं ते लिहून घेतलं. आज एखाद्या तलावात अतिक्रमण झालं, पाळीवरून रस्ता गेला, तर तलावाची मूळ हद्द सांगणारा पुरावा म्हणजे बंदोबस्ताची मिसल आणि तिच्यातला नकाशा. तो नकाशा घडीवर फाटला, म्हणजे तलावाची एक बाजू गेली.

निस्ताराच्या हक्काचं पुढे काय होऊ शकतं हे मेंढा-लेखानं देशाला दाखवलं. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये अठराशे हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या पहिल्या काही गावांपैकी ते एक. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टर जंगल मिळालं आणि गाव स्वतः बांबू विकू लागलं. या गावांच्या मागे वर्षानुवर्षांचा अभ्यास होता, बैठका होत्या. त्या बैठकांत मधोमध कागद असायचे.

आणि एक शब्द आहे 'झुडपी जंगल'. जुन्या महसुली नोंदींत पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत गुरं चारायच्या, खुरट्या झाडोऱ्याच्या जमिनीपुढे हा शब्द पडला. त्या जमिनींवर नंतर शाळा झाल्या, घरं झाली, मसणवटे होतेच, सरकारी कचेऱ्यासुद्धा उभ्या राहिल्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की झुडपी जंगल म्हणजे जंगलच. पण १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्यानं वाटप केलेल्या जमिनींसाठी केंद्राच्या परवानगीनं नियमित होण्याची वाट ठेवली. म्हणजे आता सहा जिल्ह्यांत १९९६ च्या आधीचा वाटपाचा आदेश शोधणं आलं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा तो आदेश टंकलेखन यंत्रावर, पातळ कागदावर, कार्बन ठेवून काढलेला. त्याचं वय कोतवाल बुकाच्या अर्धंसुद्धा नाही आणि तब्येत कितीतरी वाईट.

असं का होतं, हे मला बाबूंनी एका टेबलावर दोन कागद शेजारी ठेवून दाखवलं. एक हातकागद, जाडसर, कडा ओबडधोबड, रंग ताकासारखा. दुसरा गिरणीचा, त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेला, चहाच्या रंगाचा. हातकागदाचा कोपरा त्यांनी हलकेच वाकवला, तो परत सरळ झाला. गिरणीच्या कागदाचा कोपरा वाकवायची गरजच नव्हती; घडीवर तो आपणहून तुटला होता. जुना हातकागद चिंध्या, ताग, दोरखंड कुटून व्हायचा. त्याचे तंतू लांब आणि मजबूत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून लाकडाच्या लगद्याचा कागद आला. शाई फुटू नये म्हणून त्यात राळ आणि तुरटी घालत. ही तुरटी दमट हवेत हळूहळू आम्ल तयार करते आणि आम्ल कागदाचे तंतू तोडत राहतं. बाहेरून कोणी हातही लावला नाही तरी असा कागद आपल्या जागी बसून मरतो. म्हणून इथे जुनं ते टिकतं आणि नवं आधी जातं.

शाईचीही तीच गोष्ट. काजळीची शाई कागदावर बसून राहते, काही त्रास देत नाही. हिराकस आणि हिरड्याची शाई कागदात शिरते, काळी पक्की होते आणि तिच्यातलं आम्ल अक्षराच्या वळणानं कागद खात जातं. काही पानं उजेडापुढे धरली तर अक्षरांच्या जागी जाळी दिसते. हिरडा आमच्याच जंगलातला.

त्यात आमची हवा. मे महिन्यात ब्रह्मपुरी-सिंदेवाहीला पारा ४६-४७ च्या घरात जातो, ओठ फुटतात, तिथे कागद काय टिकेल! तो वाळून पापडासारखा होतो. जून संपताना धो-धो पाऊस, भिंतींना ओल, तोच कागद पाणी पिऊन फुगतो, बुरशी धरते. वाळणं आणि फुगणं, दर वर्षी. त्यावर कसर येते, उधई येते. आणि माझ्या मते विदर्भातल्या रेकॉर्ड खोलीचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे कूलर. उन्हाळ्यात माणसाला त्याच्याशिवाय बसवत नाही, हे खरंच आहे. पण कूलर ओली हवा फेकतो आणि खिडकीत बसवलेल्या कूलरच्या तोंडासमोरची मांडणी दोन उन्हाळ्यांत बुरशीनं काळी पडते. बाबूंनी त्यांच्या खोलीतला कूलर मांडणीकडून वळवून दाराकडे तोंड करून ठेवला होता. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात शिकायला मिळेल ते बाबू वास घेऊन शिकले होते.

माणसाच्या हातून होणारं नुकसान वेगळंच. थुंकी लावून पान उलटणं. टाचणी टोचणं; तिचा गंज दहा वर्षांत टाचणीपेक्षा मोठं भोक पाडतो. फाटल्या जागी चिकटपट्टी लावणं. पट्टी सुकून गळते आणि डिंकाचा तपकिरी डाग कायमचा राहतो, त्याच्याखाली अक्षरं विरतात. झेरॉक्ससाठी जाड बुक पालथं घालून वरून दाबणं. एकदा पाठीचा शिवणदोरा तुटला की पानं सुटी होतात आणि सुटं पान हरवतं. आणि गरम प्लास्टिकमधलं लॅमिनेशन. हे आपण सगळे करतो. आजोबांचा जुना कागद हाती लागला की मायेनं झेरॉक्सच्या दुकानात नेतो आणि लॅमिनेट करून आणतो. आतलं आम्ल आतच कोंडतं, उष्णतेनं कागद भाजतो आणि ते प्लास्टिक परत कधीच सोडवता येत नाही. अभिलेख जपणाऱ्यांचा पहिला नियम असा की जे केलं ते उद्या उलटं करता आलं पाहिजे. म्हणून ते गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात आणि जपानी तुतीच्या सालीचा पारदर्शक कागद. पाण्याचा हात लावला की खळ सुटते.

हे सगळं ऐकून वाटेल की याला मोठी यंत्रं, मोठा पैसा लागतो. जाणकार सांगतात ते प्रमाण २२ ते २५ अंश तापमान आणि ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. तालुक्याच्या गावी बारा महिने ते राखणं अवघड आहे. पण आमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला एक गोष्ट ठाऊक आहे: धान कसं ठेवायचं. धान भुईला टेकू द्यायचं नाही, भिंतीला चिकटू द्यायचं नाही, वाळलेलंच भरायचं, कणगी लिंपून घ्यायची, महिन्या-पंधरा दिवसांनी हात घालून पाहायचं. सिंदेवाहीला भात संशोधन केंद्र आहे. बियाण्याचं एक मूठभर वाण पुढच्या पिढीसाठी कोरडं आणि थंड ठेवायचं म्हणजे काय, हे या गावाला नव्यानं शिकवायला नको. कागदाला अगदी हेच लागतं. लोखंडी मांडणी, तळाचा खण जमिनीपासून वीतभर वर, भिंतीपासून हातभर दूर. धुवून कांजी काढलेल्या सुती कापडाचा बस्ता. बस्त्याच्या खाली-वर कागदापेक्षा बोटभर मोठ्या फळ्या, म्हणजे दोरीचा काच कागदाला बसत नाही. नकाशे गुंडाळायचे नाहीत, आडवे ठेवायचे. वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि वेखंडाची पुरचुंडी, जुन्या लोकांची रीत. पाला ओला असला तर मात्र उलटा अपाय. पावसाळ्यात खिडक्या बंद, कोरड्या दिवसांत उघड्या. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक बस्ता उचलून मागची भिंत पाहायची. उधई आधी भिंतीवर मातीची रेघ काढते, मग बस्त्यात शिरते. ती रेघ वेळेत पाहणारा माणूस असेल तर निम्मी लढाई जिंकली.

पाण्याचं भय निराळं. २०२० च्या ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला महापूर आला, ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं पाण्यात गेली. घरांतली धान्यं, कपडे आणि पेटीतले कागद भिजले. घरचा कागद गेला की कचेरीतली प्रत हाच एक आधार उरतो. भिजलेल्या कागदासाठी पहिले दोन दिवस मोलाचे, त्यानंतर बुरशी. उन्हात टाकायचा नाही, पानं ओढून सुटी करायची नाहीत, पंख्याखाली, पानांत टिपकागद घालून, हळूहळू. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर शिरला, तेव्हा देशोदेशीची तरुण मुलं चिखलात उभी राहून ग्रंथालयातून हातोहात पुस्तकं बाहेर काढत होती. आज जगभर कागद वाचवायच्या ज्या रीती वापरतात, त्यांतल्या कितीतरी त्या चिखलात शिकल्या गेल्या. पूर आमच्याकडेही येतच राहणार. पूर येण्याआधी कुठले बस्ते आधी उचलायचे याची यादी प्रत्येक रेकॉर्ड खोलीच्या दारामागे लावलेली असावी.

"स्कॅन करून टाका, प्रश्न मिटला," असं हल्ली कोणीही म्हणतं. स्कॅनिंग व्हायलाच हवं. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, फायली जळाल्या, तेव्हा राज्याला दुसऱ्या प्रतीची किंमत कळली. भूमी अभिलेखांची जुनी पानं आता शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर मिळू लागली आहेत. ज्यांना घरबसल्या फेरफार मिळाला त्यांना विचारा, केवढं काम वाचलं. पण स्कॅन केलेल्या पानाला गाव, वर्ष, पटवारी हलका आणि अनुक्रमांक लावला नाही, तर ते पान संगणकात असूनही हरवलेलंच. घाईत काढलेल्या चित्रात कडेची ओळ कापली जाते, अंगठ्याखाली तारीख झाकली जाते. पुढे न्यायालयात खाडाखोडीचा वाद निघाला की शाईचा थर, कागदाचा पोत पाहायला मूळ पानच लागतं. स्कॅन झाल्यावर मूळ बस्ता गळक्या खोलीत टाकून देणं, हा मी या कामातला सर्वांत मोठा अपराध मानतो.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्यभर रेकॉर्ड खोल्यांची कुलुपं निघाली. मोडी वाचणारा माणूस शोधत अधिकारी फिरले. तोवर ज्या खोल्यांकडे कोणी वळून पाहत नव्हतं, तिथे रात्री उशिरापर्यंत दिवे जळत होते. त्या हिवाळ्यात साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं की लाल बस्त्यात काय असतं. पण घाईनं उघडलेला बस्ता तितक्या काळजीनं पुन्हा बांधला गेला का? हे विचारायला हवं.

कायद्याची कमी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे. त्यात अभिलेख नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कचेरीतल्या कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे: 'अ' कायमचा, 'ब' तीस वर्षं, 'क' दहा, 'ड' एक. कमी आहे ती माणसांची. रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाबूकडे निवडणुकीचं काम असतं, टपाल असतं, अनुदानाच्या याद्या असतात. ही जागा शिक्षेची म्हणून ओळखली जाते, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. मला पोस्टकार्ड शिकवणारे बाबू आता निवृत्त झाले. कोणत्या गावाचं बुक चुकून कोणत्या बस्त्यात बांधलं गेलं आहे, हे त्यांच्या डोक्यात होतं आणि ते डोकं त्यांच्याबरोबर घरी गेलं. जाण्याआधी महिनाभर कोणीतरी त्यांच्यापाशी वही घेऊन बसायला हवं होतं.

वर्गवारीवरून एक आठवण. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. आमच्याच तालुक्यातल्या लाडबोरीत आभाळातून आगीचे लोळ गेल्यासारखे दिसले आणि गावाजवळ धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. पवनपारला धातूचा गोळा सापडला. चिनी रॉकेटचा तो भाग असावा, असा अभ्यासकांचा अंदाज. कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात आणलं, इस्रोची माणसं आली, जगभर बातमी झाली. त्या कड्याची जी नोंद त्या दिवसांत कागदावर झाली, ती आज नुसती फाइल आहे. शंभर वर्षांनी ती सिंदेवाहीचा इतिहास असेल. ती 'अ' मध्ये बांधली गेली आहे की 'क' मध्ये, हे ठरवणारा कारकून आज कुठल्यातरी टेबलाशी बसला आहे. कोतवाल बुक लिहिणाऱ्यालाही आपण काय लिहितो आहोत ते ठाऊक नव्हतं.

म्हणून वाचकांना, विशेषतः आमच्या झाडीपट्टीतल्या वाचकांना, एवढीच विनंती. दिवाळीला सगळी भावंडं घरी आली की आई-बाबांकडून पणज्या-आज्यांची नावं, गावं आणि अंदाजे वर्षं एका वहीत लिहून घ्या. नोंद शोधायची तर आधी हेच लागतं. कचेरी उघडली की आपल्या घराच्या कोतवाल बुकातल्या नोंदीची साक्षांकित नक्कल काढून ठेवा, गरज पडायच्या आधीच. ग्रामसभेनं ठराव करून आपल्या गावाचं निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि बंदोबस्ताचा नकाशा यांच्या नकला मागवाव्यात आणि ग्रामपंचायतीत व शाळेत एकेक संच ठेवावा. घरातला जुना कागद लॅमिनेट करू नका. धुतलेल्या सुती कापडात, सपाट, पेटीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. आणि रेकॉर्ड खोलीत गेलात तर खिशात एक कोरं पोस्टकार्ड असू द्या.

पुतणीचं पडताळणीचं काम झालं. ती नागपूरला नर्सिंग शिकते आहे. त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं वर्ष मात्र उधईनं खाल्लेल्या बुकात होतं आणि त्या बुकाची दुसरी प्रत कुठेही नाही.